दोन नेटवर्क कार्डे असलेल्या संगणकातील स्थिर मार्ग : दोष व त्यांचे निदान

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातील संगणकावर गेल्या काही वर्षांत एक नवीच जबाबदारी येऊन पडली आहे. काही विद्यापीठे प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटातून न पाठविता परीक्षेपूर्वी थोडा वेळ आधी संगणक महाजालावरून उपलब्ध करून देतात. ती उतरवून घेणे, आवश्यक तेवढ्या प्रती छापणे आणि त्या वेळेवर वर्गांत पोहोचविणे हे सर्व काम अल्पावधीत उरकावे लागते. अशा वेळी संगणक सुरू आहे, महाजालाची जोडणी सुरू आहे, छपाईयंत्रही सुरू आहे आणि तरीही प्रश्नपत्रिका छापली जात नाही असा प्रसंग ओढवला, तर केंद्रप्रमुखांची जी अवस्था होते तिचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही.

या प्रसंगी यंत्रांची तपासणी पुन्हा पुन्हा केली जाते. केबल काढून घातली जाते. संगणक बंद करून सुरू केला जातो. प्रत्यक्षात दोष अनेकदा यंत्रात नसून मार्गात असतो. एकाच संगणकात दोन नेटवर्क कार्डे असली की कोणती माहिती कोणत्या कार्डाने बाहेर पडावी हे त्या संगणकाला सांगावे लागते. हे सांगणे म्हणजेच स्थिर मार्ग अर्थात ‘स्टॅटिक रूट’ नोंदविणे होय. ही नोंद कशी चुकते व चूक कशी शोधावी याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यातही परतीच्या मार्गाकडे विशेष लक्ष वेधावयाचे आहे, कारण जाण्याचा मार्ग सर्वजण तपासतात. परतीचा मार्ग मात्र क्वचितच कोणी तपासतो.

विवेचनासाठी गृहीत धरलेली मांडणी

परीक्षा विभागातील संगणकाला दोन कार्डे आहेत असे मानले आहे. पहिले कार्ड ब्रॉडबँडच्या मॉडेमला जोडलेले असून त्याचा पत्ता १९२.१६८.१.१५ व मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. दुसरे कार्ड महाविद्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कला जोडलेले असून त्याचा पत्ता १९२.१६८.१०.१५ आहे. अंतर्गत राउटरचा या बाजूचा पत्ता १९२.१६८.१०.१ आहे. राउटरच्या पलीकडे, दुसऱ्या इमारतीत, १९२.१६८.३०.० हे नेटवर्क असून मोठे छपाईयंत्र तेथे १९२.१६८.३०.५० या पत्त्यावर आहे. सर्वत्र सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याची पद्धत १९९६ च्या एका प्रमाणलेखाने निश्चित झाली. कोणीही ते परवानगीवाचून वापरू शकतो. ही सोय आहे, तशीच पुढे दिसेल त्याप्रमाणे ती घोळाचे कारणही आहे.

मार्गतक्ता आणि त्यातील निवडीचा नियम

प्रत्येक संगणकात एक मार्गतक्ता असतो. विंडोजमध्ये ‘रूट प्रिंट’ व लिनक्समध्ये ‘आयपी रूट’ या आज्ञेने तो पाहता येतो. (आज्ञा प्रत्यक्ष देताना अर्थातच रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात.) तक्त्यातील प्रत्येक ओळ तीन गोष्टी सांगते : गंतव्य नेटवर्क, पुढचा टप्पा म्हणजे गेटवे, आणि बाहेर पडण्याचे कार्ड. कार्डाला पत्ता देताच त्या कार्डाच्या स्वतःच्या नेटवर्कची ओळ आपोआप तयार होते. वरील संगणकाला १९२.१६८.१.० आणि १९२.१६८.१०.० ही दोन नेटवर्के कोणीही न सांगता माहीत असतात. ज्याचा उल्लेख कोठेच नाही अशा सर्व गंतव्यांसाठी ‘डीफॉल्ट गेटवे’ची ओळ असते.

एकाच गंतव्याला एकापेक्षा अधिक ओळी लागू पडत असतील तर ज्या ओळीचा मास्क अधिक काटेकोर, ती ओळ निवडली जाते. मास्कची काटेकोरी समान असेल तेव्हाच ‘मेट्रिक’ नावाचा अंक पाहिला जातो व लहान अंकाची ओळ जिंकते. हा क्रम नीट ध्यानात न घेतल्याने मेट्रिक कमी करून मार्ग वळविण्याचा निष्फळ खटाटोप केला जातो. मास्क रुंद असलेली ओळ मेट्रिक कितीही कमी केला तरी काटेकोर ओळीवर मात करू शकत नाही.

छपाईयंत्राचे नेटवर्क संगणकाला आपोआप माहीत होत नाही, कारण ते राउटरच्या पलीकडे आहे. नोंद नसेल तर छपाईची माहिती डीफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे ब्रॉडबँडच्या मॉडेमकडे जाते व तेथे नाहीशी होते. म्हणून विंडोजमध्ये ‘रूट -पी ॲड १९२.१६८.३०.० मास्क २५५.२५५.२५५.० १९२.१६८.१०.१’ अशी नोंद करावी लागते. एवढी एक ओळ पुरेशी आहे. परंतु ती चुकण्याचे प्रकार अनेक आहेत.

दोन डीफॉल्ट गेटवेंचा मोह

सर्वांत अधिक आढळणारी चूक स्थिर मार्गाच्या ओळीत नसतेच. अंतर्गत कार्डाचा पत्ता भरताना गेटवेचा रकाना रिकामा दिसतो आणि तो रिकामा ठेवणे भरणाऱ्याच्या जिवावर येते. तेथे १९२.१६८.१०.१ भरले जाते. आता संगणकाला दोन डीफॉल्ट गेटवे मिळतात. विंडोज याविषयी इशारा देते. एकाहून अधिक डीफॉल्ट गेटवे हे एकाच नेटवर्कला पर्यायी वाट देण्यासाठी असतात, परस्परांपासून तुटलेल्या दोन नेटवर्कांसाठी नव्हे, असा त्याचा आशय असतो. हा इशारा न वाचता ‘होय’ म्हटले जाते.

गंमत अशी की यानंतरही बरेच दिवस सर्व सुरळीत चालते. दोन्ही ओळींचा मास्क सारखाच असल्याने निवड मेट्रिकवर होते आणि विंडोज हा अंक सामान्यतः कार्डाच्या वेगावरून स्वतःच ठरविते. वेग जास्त तर अंक लहान. पुढे कधीतरी अंतर्गत नेटवर्कचा जुना १०० मेगाबिटचा स्विच बदलून गिगाबिटचा बसविला जातो. अंतर्गत कार्डाचा वेग वाढतो, त्याचा मेट्रिक घटतो आणि महाजालाकडे जाणारी सर्व माहिती अंतर्गत राउटरकडे वळते. त्या राउटरला महाजालाची वाट ठाऊकच नसते. स्विच बदलला स्टाफरूममध्ये आणि महाजाल बंद पडले परीक्षा विभागात. या दोहोंचा संबंध कोणाच्या लक्षात यावा? उपाय साधा आहे. महाजालाकडे जाणाऱ्या कार्डालाच गेटवे द्यावा, अंतर्गत कार्डाचा रकाना रिकामा ठेवावा व अंतर्गत नेटवर्कांसाठी स्थिर मार्ग नोंदवावेत.

येथे एक आडवळणाची अडचण नमूद करणे आवश्यक आहे. विंडोज व्हिस्टापासूनच्या आवृत्त्या नेटवर्कची ओळख बऱ्याच अंशी त्याच्या गेटवेवरून पटवितात. गेटवे नसलेले कार्ड बहुधा ‘अनोळखी नेटवर्क’ ठरते व त्याला सार्वजनिक जागेचे कडक फायरवॉल नियम लागू होतात. परिणामी मार्ग अचूक असूनही सामायिक फोल्डर उघडत नाही, ‘पिंग’ला उत्तर मिळत नाही. मग कोणीतरी रिकाम्या रकान्यात गेटवे भरतो, नेटवर्क ओळखीचे होते, फोल्डर उघडतो आणि दोन गेटवेंचा दोष नव्याने जन्माला येतो. योग्य मार्ग म्हणजे फायरवॉलमध्ये अंतर्गत नेटवर्कांना परवानगी देणे किंवा अनोळखी नेटवर्क खासगी मानण्याचे स्थानिक धोरण निवडणे.

पुढच्या टप्प्याची चूक

स्थिर मार्गातील गेटवे हा आपल्याच नेटवर्कातील, थेट पोहोचता येणारा पत्ता असला पाहिजे. वाटसरूला पहिला फाटा सांगावा लागतो. शेवटच्या गावाची वेस सांगून भागत नाही. छपाईयंत्राच्या बाजूचा राउटरचा पत्ता १९२.१६८.३०.१ आहे म्हणून तोच गेटवेच्या जागी लिहिला जातो. लिनक्स अशी नोंद सामान्यतः नाकारते. विंडोजच्या काही आवृत्त्या नाकारतात, तर काही मुकाट्याने स्वीकारतात. नोंद तक्त्यात दिसते आणि काम मात्र होत नाही. दुसऱ्या प्रकारापेक्षा पहिला केव्हाही बरा.

पत्त्यांची टक्कर

अनेक ब्रॉडबँड मॉडेम कारखान्यातूनच १९२.१६८.१.० किंवा १९२.१६८.०.० हे नेटवर्क घेऊन येतात. प्रयोगशाळेची उभारणी करणारा कंत्राटदारही बहुधा याच अंकांनी सुरुवात करतो. दुसऱ्या इमारतीतील नेटवर्कही १९२.१६८.१.० असेल, तर परीक्षा विभागातील संगणक ते आपल्या मॉडेमच्याच बाजूला शोधतो. राउटरकडे वळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २५५.२५५.२५५.२५५ असा सर्वाधिक काटेकोर मास्क देऊन केवळ छपाईयंत्राच्या एका पत्त्यासाठी मार्ग नोंदविला तर तात्पुरते भागते, कारण काटेकोर ओळ जिंकते. परंतु ही ठिगळाची विद्या होय. एका बाजूचे पत्ते बदलणे हाच खरा इलाज असून मॉडेमच्या बाजूचे बदलणे सामान्यतः कमी त्रासाचे असते.

परतीचा मार्ग

आता ज्या दोषाने सर्वाधिक वेळ वाया जातो त्याकडे वळणे इष्ट ठरेल. स्थिर मार्ग नोंदविला आहे, गेटवे बरोबर आहे, मास्क बरोबर आहे. राउटरला ‘पिंग’ केले तर उत्तर येते. छपाईयंत्राला केले तर येत नाही. छपाईयंत्राच्याच खोलीतील संगणकावरून मात्र छपाई होते. यावरून मार्ग चुकला असा निष्कर्ष काढून तो पुसला जातो, पुन्हा नोंदविला जातो, पुन्हा पुसला जातो.

वस्तुस्थिती अशी असते की माहिती छपाईयंत्रापर्यंत पोहोचलेली असते. उत्तर देण्यासाठी छपाईयंत्र पाठविणाऱ्याचा पत्ता पाहते : १९२.१६८.१०.१५. हा पत्ता त्याच्या स्वतःच्या नेटवर्कात नाही. म्हणून त्याला स्वतःच्या गेटवेची गरज भासते. छपाईयंत्र बसविताना ते केवळ त्या खोलीपुरते वापरावयाचे होते. त्यामुळे त्याचा गेटवे ०.०.०.० असा तसाच ठेवलेला असतो. उत्तर तेथेच थांबते. छपाईयंत्राच्या मांडणीत १९२.१६८.३०.१ हा गेटवे भरताच सर्व सुरळीत होते. परीक्षा विभागातील संगणकावर दिवसभर चाललेल्या खटपटीचा यात काडीचाही उपयोग नव्हता.

याच दोषाची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. दुसऱ्या इमारतीतील प्राध्यापक परीक्षा विभागाच्या संगणकावरील सामायिक फोल्डर उघडू इच्छितात. त्यांची विनंती अंतर्गत कार्डावर पोहोचते. परंतु या संगणकावर १९२.१६८.३०.० चा मार्ग नोंदविलेला नसेल, तर उत्तराला अंतर्गत बाजूची वाट सापडत नाही. अशा वेळी दिसणारे लक्षण अतिशय बोलके असते : १९२.१६८.१०.० मधील सर्व शेजारी संगणक पोहोचू शकतात. राउटरच्या पलीकडील एकही पोहोचू शकत नाही. हे लक्षण आढळल्यास परतीचा मार्ग हाच पहिला संशयित समजावा.

हे उत्तर नेमके कोठे हरवते हे कार्यप्रणालीवर अवलंबून आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यजमान संगणकांविषयीच्या प्रमाणलेखात दोन प्रतिमाने वर्णिली आहेत. सैल प्रतिमानात संगणक एका कार्डाचा पत्ता घेऊन दुसऱ्या कार्डातून माहिती पाठवू शकतो. कडक प्रतिमानात तशी मुभा नसते. विंडोज एक्सपी सैल प्रतिमानाने चालत असे, तेथे १९२.१६८.१०.१५ हा पत्ता धारण केलेले उत्तर ब्रॉडबँडच्या कार्डातून बाहेर पडे व मॉडेमपाशी नष्ट होई. व्हिस्टापासून पुढे विंडोजने कडक प्रतिमान स्वीकारले. तेथे हे उत्तर कोणत्याच कार्डातून बाहेर पडत नाही. जुन्या संगणकावर काही मांडण्या चुकीच्या असूनही चालत असत आणि नव्या संगणकावर त्याच बंद पडत, त्याचे एक कारण हे आहे. नवा संगणक खराब निघाला असा ग्रह करून घेण्यापूर्वी मार्गतक्ता पाहणे श्रेयस्कर.

लिनक्समध्ये आणखी एक पहारेकरी असतो. माहिती ज्या कार्डावर आली त्याच कार्डातून पाठविणाऱ्याकडे परत जाण्याचा मार्ग आहे काय हे तो तपासतो. त्याचे मूल्य १ असेल तर असा मार्ग नसलेली माहिती आत येताच टाकून दिली जाते. मूल्य २ असेल तर कोणत्याही कार्डातून मार्ग असला तरी चालते. ० असेल तर तपासणी होत नाही. खोटा पत्ता लावून येणारी माहिती रोखण्यासाठी ही व्यवस्था आहे. ती बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो योग्य नव्हे. पहारेकरी तक्रार करतो ती परतीचा मार्ग नोंदविलेला नाही म्हणून. मार्ग नोंदविला की त्याची तक्रार आपोआप मिटते.

विजेचा प्रश्न

नोंद तात्पुरती असणे हा दोष क्षुल्लक वाटतो, पण तो नेमका अवेळी प्रकट होतो. विंडोजमधील ‘पी’ हा पर्याय गाळला किंवा लिनक्समध्ये केवळ आज्ञा देऊन मार्ग नोंदविला व मांडणीच्या फाइलमध्ये लिहिला नाही, तर संगणक पुन्हा सुरू होताच मार्ग नाहीसा होतो. वीज जाण्याची ज्यांना सवय आहे त्या गावांतील महाविद्यालयांना हे विशेष सांगावे लागू नये. विंडोजच्या तक्त्याच्या शेवटी ‘पर्सिस्टंट रूट्स’ अशी वेगळी यादी असते. तीत मार्ग दिसतो पण वरच्या चालू यादीत दिसत नाही, असे आढळल्यास ते कार्ड बंद आहे, त्याची केबल निघाली आहे किंवा त्याचा पत्ता बदलला आहे असे समजावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो संगणकाने नाइलाजाने स्वतःच घेतलेला आहे, कोणी दिलेला नाही.

निदानाचा क्रम

प्रथम ‘आयपीकॉन्फिग’ने दोन्ही कार्डांचे पत्ते व गेटवे पाहावेत, दोन ठिकाणी गेटवे दिसला तर पुढे जाण्यापूर्वी तो दोष दूर करावा. त्यानंतर अंतर्गत राउटरला ‘पिंग’ करून ‘एआरपी’ची यादी पाहावी. राउटरच्या पत्त्यासमोर त्याचा भौतिक पत्ता दिसत नसेल तर दोष केबल वा स्विचमध्ये आहे. मार्गतक्ता चाळण्यात अर्थ नाही. भौतिक पत्ता दिसत असेल, पण ‘पिंग’ला उत्तर नसेल, तर राउटरने उत्तर देणे बंद केलेले असू शकते, तेवढ्यावरून तो मृत समजू नये.

यानंतरची कसोटी सर्वांत उपयुक्त आहे. छपाईयंत्राच्या पत्त्याचा टप्प्याटप्प्याने माग काढावा. विंडोजमध्ये यासाठी ‘ट्रेस रूट’ची आज्ञा आहे. पहिला टप्पा १९२.१६८.१.१ आला तर माहिती चुकीच्या कार्डातून बाहेर पडत आहे. दोष आपल्या संगणकात आहे. पहिला टप्पा १९२.१६८.१०.१ आला आणि पुढे केवळ तारका उमटल्या तर आपला संगणक निर्दोष असण्याचा संभव अधिक. आता राउटरकडे व छपाईयंत्राच्या गेटवेकडे पाहावे. लिनक्समध्ये ‘आयपी रूट गेट’ ही आज्ञा माहिती न पाठविताच कोणते कार्ड व कोणता गेटवे निवडला जाईल ते सांगते.

‘पिंग’चे उत्तर नीट वाचण्याची सवयही लावून घ्यावी. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा निरोप आपल्याच पत्त्यावरून आला असेल तर पुढचा टप्पाच सापडलेला नाही. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ याचा अर्थ विनंती गेली, उत्तर आले नाही. येथे परतीचा मार्ग किंवा फायरवॉल यांचा विचार करावा. तरीही उलगडा न झाल्यास वायरशार्कसारख्या साधनाने दोन्ही कार्डांवरील वाहतूक एकाच वेळी पाहावी. विनंती एका कार्डावर आत येते व उत्तर दुसऱ्यातून बाहेर पडते हे डोळ्यांनी दिसले की वाद उरत नाही.

नावाने न होणारी जोडणी अंकी पत्त्याने होत असेल तर तो नामनिर्देशन सेवेचा दोष होय. त्याचा मार्गाशी संबंध नाही.

दोन कार्डे आहेत म्हणून संगणक आपोआप राउटर बनत नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. एका कार्डावरील माहिती दुसऱ्या कार्डातून पुढे पाठविण्याची सोय विंडोज व लिनक्सच्या सर्वसाधारण मांडणीत बंद असते. प्रश्नपत्रिका हाताळणाऱ्या संगणकावर ती बंदच राहू द्यावी. ती सुरू केल्यास ब्रॉडबँडची बाजू व अंतर्गत नेटवर्क यांच्यात नको ती वाट उघडते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक, राउटर व छपाईयंत्र ही तिन्ही विजेपासून पूर्णपणे तोडून पुन्हा सुरू करावीत आणि मग परीक्षा विभागातून एक कोरे पान छापून पाहावे. ते छापले गेले तर त्याच पानावर दोन्ही कार्डांचे पत्ते, दोन्ही गेटवे, स्थिर मार्गाची ओळ आणि छपाईयंत्राचा गेटवे लिहून ते संगणकाशेजारी चिकटवावे. हे अंक आजमितीस अनेक ठिकाणी केवळ देखभालीच्या कंत्राटदाराच्या स्मरणात असतात आणि तो सकाळी साडेदहाला भेटतोच असे नाही. मॉडेम बदलला गेला तर त्या पानावरील पहिली ओळ त्याच दिवशी दुरुस्त करावी व कोरे पान पुन्हा एकदा छापून पाहावे.